वाईटापासून सोडव : केडगाव आणि सुवार्तेचा एक जुना प्रश्न

(दृश्य : पुणे–दौंड लोहमार्ग, सकाळचे कोवळे ऊन. खिडकीतून उसाचे मळे आणि गुऱ्हाळाचा धूर दिसतो. गाडी केडगाव स्थानकात शिरते.)

पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या या स्थानकावर आज उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांना शेतीची, बाजाराची किंवा नोकरीची घाई असते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच मार्गावरून दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि तरुण विधवा केडगावला आल्या. कित्येकींच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, आणि भुकेने त्यांच्या चेहऱ्यांवरचे वयही पुसले गेले होते. त्यांना आणणाऱ्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई. ज्या जागेत त्या राहिल्या तिला ‘मुक्ती’ हे नाव पडले, आणि आजही ती संस्था त्याच नावाने चालू आहे. प्रभूच्या प्रार्थनेत प्रत्येक ख्रिस्ती माणूस ‘आम्हांला वाईटापासून सोडव’ असे म्हणतो. त्या एका मागणीचा अर्थ शोधण्यासाठी आम्ही केडगावला आलो आहोत.

या मागणीतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाईट’ असाही होतो आणि ‘तो दुष्ट’ असाही होतो. म्हणून ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासात ही प्रार्थना दोन्ही अर्थांनी म्हटली गेली : जगातल्या दुःखापासून आणि अन्यायापासून सुटका मिळावी म्हणून, आणि माणसाला देवापासून तोडू पाहणाऱ्या सैतानापासून रक्षण व्हावे म्हणून. आजच्या काळात हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. काहींना वाईट म्हणजे केवळ गरिबी, व्यसन आणि पिळवणूक वाटते, तर काहींना ते केवळ भूतबाधेत आणि दुष्टात्म्यांत दिसते. ज्यांनी सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश सांगणे, हेच आपले काम मानले, त्यांना ही फाटाफूट परवडणारी नाही, असे आम्हांला मनापासून वाटते.

(दृश्य : उघडलेले मराठी पवित्र शास्त्र. पानावर मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय पाच.)

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सरोवर ओलांडून गरसेकरांच्या देशात जातो. तेथे थडग्यांमध्ये राहणारा, रात्रंदिवस ओरडणारा आणि दगडांनी स्वतःचे अंग ठेचून घेणारा एक माणूस त्याच्यासमोर धावत येतो. गावकऱ्यांनी त्याला पुष्कळदा बेड्या घातल्या होत्या, साखळदंडांनी बांधले होते, आणि त्याने ते तोडून टाकले होते. येशू त्याला बांधत नाही, मारत नाही. तो त्याला विचारतो, ‘तुझे नाव काय?’ उत्तर येते, ‘माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत.’ पुढे दुष्टात्मे डुकरांच्या कळपात शिरतात, सुमारे दोन हजारांचा तो कळप कड्यावरून समुद्रात बुडतो, आणि धावत आलेल्या लोकांना तो माणूस वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसतो.

या कथेतील दोन गोष्टींकडे प्रवचनांत फारसे लक्ष दिले जात नाही. पहिली अशी की तो माणूस बरा झाल्याचा आनंद गावाला झाला नाही. लोक घाबरले आणि त्यांनी येशूला आपल्या सीमेतून निघून जाण्याची विनंती केली, कारण एका माणसाच्या सुटकेसाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली होती. दुसरी गोष्ट अशी की सुटलेल्या माणसाला येशूबरोबर जायचे होते, परंतु येशूने त्याला सोबत घेतले नाही. घरी आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यावर कशी दया केली ते सांग, असे म्हणून परत पाठवले. वाईटाशी सामना आणि सुवार्तेचा प्रसार ही दोन वेगळी कामे नाहीत, हे या कथेइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते. ज्याची सुटका झाली तोच सुवार्तिक झाला, आणि त्याच्याजवळ सांगण्यासाठी स्वतःच्या सुटकेखेरीज काहीही नव्हते.

(दृश्य : रमाबाईंचे जुने छायाचित्र. पांढरे लुगडे, स्थिर नजर.)

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. झाडाचा पाला आणि रानफळे खाऊन काढलेले ते दिवस रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहेत. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी यांचे निधन झाले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. तेथील धर्मभगिनींशी त्यांचा सिद्धान्तांवरून प्रदीर्घ वाद झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडण्यास आणखी काही वर्षे लागली. धर्मांतराच्या चर्चेत हे वाक्य क्वचितच उद्धृत केले जाते. एखाद्याचा बाप्तिस्मा झाला म्हणजे सुवार्तेचे काम संपले असे मानणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे.

(दृश्य : कोरडी, भेगाळलेली जमीन. रुळांवरून संथ सरकणारा कॅमेरा.)

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याचे कानी आले तेव्हा रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले, आणि त्या तिकडे गेल्या. तेथे भुकेहून भयंकर असे काही त्यांना दिसले. मदतीसाठी उघडलेल्या छावण्यांत आणि अनाथगृहांतही तरुण मुली सुरक्षित नव्हत्या. धान्याच्या मोबदल्यात त्यांची अब्रू मागितली जात होती, आणि निराधार मुलींना हेरून घेऊन जाणारी माणसे गावोगाव फिरत होती. उपाशी माणसाच्या असहायतेतून नफा काढणारी ही बुद्धी कोठून येते, या प्रश्नाला केवळ अर्थशास्त्राचे उत्तर पुरत नाही. रमाबाईंनी तिला पाप म्हटले, तिच्यामागे सैतानाचा हात पाहिला, आणि तेवढे बोलून न थांबता सुमारे तीनशे मुली व स्त्रिया तिच्या तावडीतून बाहेर आणल्या.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती, आणि शहरातील निर्बंधांमुळे या मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. मुक्तीची सुरुवात अशी झाली. १८९७ मध्ये रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीर तक्रार केली, आणि सरकारचा राग ओढवून घेतला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्यांच्या कारभारातील वाईटाला रमाबाईंनी वेगळे नाव दिले नाही.

१९०० च्या दुष्काळानंतर केडगावातील रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते, आणि तेथे ब्रेल लिपी शिकवली जात असे. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शेती, छापखाना अशी कामे स्त्रियाच चालवीत. रात्री भीतीने दचकून उठणाऱ्या मुलीला सकाळी हातमागावर बसवणे, तिला अक्षरओळख करून देणे, तिच्यासाठी आणि तिच्याबरोबर प्रार्थना करणे, हा सगळा एकाच सेवेचा भाग होता. गरसेकरांच्या देशातला तो माणूसही शुद्धीवर आला तेव्हा वस्त्र नेसलेला होता. ते वस्त्र त्याला कोणीतरी दिले असणार.

(दृश्य : मुक्तीच्या चर्चचा प्रशस्त अंतर्भाग. दुरून सामुदायिक प्रार्थनेचा आवाज.)

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या, आणि सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. जूनच्या अखेरीस तेथे जे घडले त्याला ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. मुली तासन्‌तास रडून आपली पापे कबूल करू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि काहींना अंगात अग्नी पेटल्यासारखा अनुभव आला. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंगाट आवडला नाही, परंतु भारतीय स्त्रियांनी आपल्या रीतीने देवाला भजावे, या मतावर रमाबाई ठाम राहिल्या. आम्हांला यात विशेष वाटते ते असे की ज्यांच्यावर जगाने अन्याय केला होता त्याच मुली स्वतःच्या अंतःकरणातील द्वेषाशी आणि खोटेपणाशी झुंजत होत्या. वाईट बाहेर आहे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ते आतही आहे हे त्यांनी स्वतः ओळखले.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. ज्या मुलीला अन्न, वस्त्र आणि निवारा एका संस्थेकडून मिळतो, तिचा त्या संस्थेच्या धर्मावरील विश्वास कितपत मोकळा असतो? हा प्रश्न रमाबाईंना त्यांच्या हयातीतच विचारला गेला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्याला आलेल्या शारदा सदनात, म्हणजे मुली व विधवांसाठी रमाबाईंनी काढलेल्या शाळेत, धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते; परंतु रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनी मुलींना घरी नेले. रमाबाईंवर आमची श्रद्धा असली तरी त्या टीकाकारांचा प्रश्न आम्हांला खोटा वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले, आणि आभार मानायला एकच परत आला. तरी उरलेल्या नऊजणांचे बरे होणे येशूने परत घेतले नाही. मदतीचा हात पुढे करणाऱ्या प्रत्येक सुवार्तिकाने आपले काम या मोजपट्टीला लावून पाहावे : समोरच्याने ‘नाही’ म्हटले तरी त्याच्या ताटातली भाकर तशीच राहते का? कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली, ती या मोकळेपणाच्या ओढीनेच.

(दृश्य : आजचे शहर. रात्री उशिरा मोबाइलच्या उजेडात दिसणारे चेहरे.)

आज दुष्काळाची छावणी नाही, पण माणसाला हेरणारी बुद्धी आहे. नोकरीच्या आमिषाने मुलींना विकणारे दलाल, हातातल्या फोनवरून घरात शिरलेला जुगार, दारूने मोडलेले संसार, आणि गर्दीतही कोणाशी दोन शब्द न बोलता झोपी जाणारी माणसे. ‘आम्ही पुष्कळ आहोत’ हे उत्तर आजही ऐकू येते, कारण व्यसनात सापडलेल्या माणसाच्या दारूमागे कर्ज असते, कर्जामागे लाज असते, आणि लाजेमागे कोणालाही न सांगितलेले एखादे जुने दुःख असते.

अशा माणसाला काही सभांमध्ये व्यासपीठावर उभे केले जाते, ध्वनिवर्धकावर त्याच्यावर ओरडले जाते आणि त्याचे चित्रण फोनवरून पसरवले जाते, याचे आम्हांला दुःख होते. मानसिक आजाराने ग्रासलेल्या व्यक्तीला भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे किंवा मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही. कॅथलिक मंडळीचे नियमही याबाबतीत कडक आहेत : बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला भूतबाधित मानलेल्या व्यक्तीवर दुष्टात्मा घालवण्याचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी आजाराची शक्यता नीट तपासावी लागते. साखळदंड गरसेकर गावकऱ्यांनी वापरले होते, येशूने नव्हे.

बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. आत्मिक युद्धाची भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी हे वचन नेहमी असते, परंतु त्याचा पहिला अर्थ हा की कोणताही माणूस आपला शत्रू नाही. शेजाऱ्याचा देव वेगळा आहे म्हणून शेजाऱ्यातच सैतान पाहणारा सुवार्तिक हे वचन स्वतःच मोडत असतो. त्याच परिच्छेदात देवाच्या शस्त्रसामग्रीचे वर्णन आहे : सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, आणि पायांत शांतीच्या सुवार्तेची सिद्धता. त्यात दुसऱ्याला जखम करण्यासाठी काहीही दिलेले नाही. एकच तलवार आहे, आणि ती देवाचे वचन आहे.

(दृश्य : जुन्या छापखान्यातील खिळ्यांचे खण. बोटे एकेक खिळा उचलतात.)

ते वचन केडगावच्या साध्या बायकांना कळावे म्हणून रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. प्रचलित भाषांतराची भाषा त्यांना सामान्य स्त्रीसाठी कठीण वाटत होती. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोपर्यंत भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण केले होते. १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आले, आणि त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात झाली. खिळे जुळवणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींना केडगावला येण्यापूर्वी अक्षरही येत नव्हते. थडग्यांमधून घरी परत पाठवलेल्या त्या माणसाची गोष्ट त्यांनी आपल्या हातांनी, एकेक अक्षर उचलून, ओळीत बसवली.