गुडघा दुखतोय, पण दुखतंय काय?

जिना चढताना गुडघ्यातून कळ आली म्हणून कुणाजवळ बोलावं, तर निदान तयारच असतं: "झीज झाली असेल."

हा गुडघा आतून पाहा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत थर म्हणजे कूर्चा. झिजते ती हीच. पण गंमत अशी, की तिच्यात ना रक्तवाहिन्या, ना नसा. ती स्वतः दुखूच शकत नाही! दुखतं ते तिच्याखालचं हाड, नाहीतर सांध्याचं सुजलेलं अस्तर. म्हणूनच एक्स-रेत भरपूर झीज असलेला एखादा आरामात फिरतो, आणि किरकोळ झीज असलेला खुर्चीतून उठताना कण्हतो.

तेव्हा फोटोआधी विचारायचं, दुखतं कधी आणि कुठे?

जिना उतरताना, किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर पुढच्या बाजूला दुखतं? संशय वाटीवर. तरुणांत हे फार आढळतं. व्यायाम एकदम वाढवला तरी पुरतं. खेळताना पाय जमिनीत रुतला, अंग वळलं, आतून 'कट्' झालं आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर बहुधा हाडांना एकत्र बांधणारा आतला पट्टा, म्हणजे लिगामेंट, तुटलेलं असतं. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली असू शकते.

सकाळचा आखडलेपणाही बरंच सांगतो. झिजेचा साधारण ३० मिनिटांत सुटतो. आमवाताचा तासभर किंवा जास्त रेंगाळतो, आणि बऱ्याचदा हाताची बोटंही धरतो. एका रात्रीत लाल, गरम झालेला, हात लावू न देणारा गुडघा युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांमुळे होऊ शकतो. सोबत ताप असेल तर मात्र शेकत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि कधीकधी गुडघा निर्दोष असतो. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा एकच, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात उमटतं. वाढत्या वयाचं मूल लंगडतं, गुडघ्यावर हात ठेवतं. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो. सरकलेलं असतं मांडीच्या हाडाचं वरचं टोक, आणि खुब्याचा फोटो कुणी काढलेलाच नसतो.