यंत्रासमोर कोणता डाव मांडावा

(नाशिकमध्ये बुद्धिबळ शिकणारी मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विदित गुजराथी आपल्या नाशिकचा. त्याने २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही स्पर्धा जिंकली, २०२४ मध्ये तो जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्यामुळे इथल्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलाला मोबाइलवर इंजिनाशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामशी, खेळायला बसवावं का? बसवावं, पण कोणत्या स्थितीत बसवायचं ते आधी ठरवावं. ग्रँडमास्टरांनी यंत्रांशी केलेले सामने नीट पाहिले तर हेच समजतं.

तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याने १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाला ४-२ असं हरवलं. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला सुधारित डीप ब्लूने ३.५-२.५ असा सामना घेतला. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. शेवटचा डाव १९ चालींत आटोपला. कारो-कान बचावात कास्पारॉव्हने सातव्या चालीला एच६ (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या ओळीचा) खेळून जी५ वरच्या घोड्याला हटकलं. घोडा मागे सरला नाही, त्याने ई६ चं प्यादं मारलं. नंतर उंटाने जी६ वरून शह दिला आणि काळा राजा डी८ वर जाऊन अडकला, किल्लेकोट (राजाला हत्तीआड सुरक्षित नेण्याची चाल) कायमचा गेला. लगेच परतावा दिसत नसेल तर यंत्र मोहरं देत नाही, असं तेव्हा मानलं जाई. पण हा घोड्याचा बळी यंत्राने पटावर शोधलेला नव्हता. माणसांनी भरलेल्या त्याच्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, पुस्तकात तो होताच.

आता यंत्र कुठे चुकायचं ते बघू. डावाच्या मध्यात एका बाजूला साधारण ३० ते ३५ चाली उपलब्ध असतात. प्रत्येक चालीला तितकीच उत्तरं, म्हणून आकडा गुणाकाराने फुगतो. निरुपयोगी फांद्या छाटूनही शोध कुठेतरी थांबवावाच लागतो, आणि तिथे यंत्र मोहऱ्यांची किंमत, राजाची सुरक्षितता वगैरे मोजून एक आकडा देतं. त्या मर्यादेपलीकडचं जुन्या प्रोग्रामांना दिसत नसे. येणारं संकट मर्यादेबाहेर ढकलण्यासाठी ते मध्येच एखादं प्यादंही देऊन टाकत. मारामारीच्या खुल्या डावात सगळा निकाल मर्यादेच्या आत लागतो, तिथे माणसाची खैर नाही. प्यादी एकमेकांना भिडून अडली की बेत वीस चालींचा होतो, आणि तिथे माणूस पुढे असायचा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २००३ मध्ये एक्स३डी फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्धचा कास्पारॉव्हचा तिसरा डाव. त्याने सी५ खेळून, पुढे बी प्यादं बी६ वर रोवून वजिराची बाजू कुलूपबंद केली आणि मग ए५ चं प्यादं उचललं. काळ्याला एकच योजना होती: एफ प्यादं पुढे काढून राजाच्या बाजूला वाट फोडायची. फ्रिट्झने ते केलंच नाही, मोहरी इकडून तिकडे फिरवत राहिला आणि हरला. हा डाव मुलांनी पटावर मांडून जरूर बघावा. सामना मात्र २-२ असा बरोबरीत सुटला.

तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक याने २००२ मध्ये बहारीनला डीप फ्रिट्झविरुद्ध वजिरा-वजिरी लवकर उरकायचं धोरण ठेवलं. चार डावांनंतर तो ३-१ ने पुढे होता. पाचव्या डावात एका घोडचुकीने मोहरं गेलं, सहावाही गेला आणि उरलेल्या दोन डावांनंतर सामना ४-४ झाला. २००६ मध्ये बॉनला तर दुसऱ्या डावात त्याने वजीर ई३ वर नेला आणि यंत्राने ई४ चा वजीर एच७ वर ठेवून थेट मात केली. त्या वजिराला आधार होता एफ८ वरच्या घोड्याचा. एच७ वरच्या मातेला आपण डी३ चा उंट किंवा जी५ चा घोडा शोधतो. एफ८ वरून आधार देणारा घोडा डोळ्यांच्या सवयीत नसतो. यंत्राला सवयच नसल्यामुळे ते असं काही चुकवत नाही. क्रॅमनिक तो सामना ४-२ असा हरला.

२०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनात स्थितीचं मूल्यमापन करणारं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली) आलं, आणि बंद डावाचा आडोसाही फारसा उरला नाही. आता बरोबरीच्या डावात माणसाला आशा नाही, खेळायचं तर मोहऱ्याची सूट घेऊन, म्हणजे यंत्राचं एखादं मोहरं सुरुवातीलाच काढून.

म्हणून मुलांना सुरुवातीच्या स्थितीपासून इंजिनाशी खेळवू नका. पातळी कमी करणं हाही उपाय नव्हे. अशी इंजिनं पाच चाली उत्तम खेळून सहावीला मोहरं फुकट देतात, आणि मूल त्या दानाची वाट बघायला शिकतं. त्याऐवजी ठरावीक स्थिती मांडा आणि इंजिन पूर्ण ताकदीवर ठेवा. उदाहरणार्थ, पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८, हत्ती ए६. काळ्याने बरोबरी राखायची. हत्ती सहाव्या ओळीवरच आडवा सरकवत राहायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. पांढऱ्याने ई६ खेळलं की लगेच हत्ती ए१ वर, आणि मग मागून शहांचा मारा. प्यादंच ई६ वर असल्याने राजाला लपायला तिथे जागा नसते. बहुतेक मुलं हत्ती आधीच खाली नेतात. मग पांढरा राजा सहाव्या ओळीवर येऊन प्याद्याच्या पुढे आसरा घेतो आणि बचाव फार अवघड होतो.

खेळताना कोण किती पुढे आहे त्याचा आकडा दाखवणारी इंजिनाची पट्टी बंद ठेवा. ०.००, म्हणजे बरोबरी, दिसलं की मुलं सैलावतात, पण त्या शून्यामागे कधी कधी एकच वाचवणारी चाल असते. डाव संपल्यावर कुठे अडलो, कोणत्या दोन चालींमध्ये घोळ झाला ते मुलाने आधी वहीत लिहावं, मग पट्टी उघडावी. या स्थितीत पटावर पाचच मोहरी आहेत, आणि राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निकाल गणिताने सोडवून ठेवलेले आहेत. त्यामुळे वहीतलं उत्तर बरोबर की चूक, हे प्रत्येक चालीला निर्विवाद तपासता येतं.