हसला म्हणून बाहेर!

नमस्कार, श्रोतेहो. आज टिम डंकनबद्दल बोलायचं आहे. बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनीही कान इकडेच ठेवा, कारण जो किस्सा सांगण्यासाठी मी आलोय तो खेळाचा कमी आणि चेहऱ्याचा जास्त आहे.

आधी माणूस कोण ते सांगतो. यूएस व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट क्रॉय बेट, तिथला हा पोरगा मुळात जलतरणपटू. १९८९ साली ह्यूगो चक्रीवादळ आलं आणि सरावाचा तलावच उद्ध्वस्त झाला. समुद्रात पोहायचं, तर या गड्याला शार्कची भीती! पोहणं मागे पडलं, बास्केटबॉल हाती आला. पुढच्याच वर्षी आई कर्करोगाने गेली. पदवी घेईन, असा शब्द त्याने तिला दिला होता. बरोबरीची गुणी मुलं कॉलेज अर्धवट टाकून एनबीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगकडे, धावत होती, हा मात्र वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षं पुरी करून, मानसशास्त्राची पदवी घेऊन १९९७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्समध्ये दाखल झाला. आणि तिथेच राहिला. एकोणीस हंगाम, एकच संघ, पाच विजेतेपदं. पुन्हा सांगतो, एकोणीस हंगाम आणि एकच संघ.

खेळ कसा? चेंडू बास्केटमागच्या फळीवर योग्य कोनात आपटवून बास्केटमध्ये टाकायचा, हा त्याचा ठेवणीतला फटका. शकील ओनील या दिग्गज खेळाडूने त्याला ‘द बिग फंडामेंटल’ म्हटलं ते उगाच नाही. मूलभूत गोष्टी पक्क्या, दिखाऊपणा शून्य. (आमच्या समालोचक बंधूंना हे परवडत नाही. कुणी रिंगला लोंबकळल्याशिवाय त्यांचा आवाज चढतच नाही!) आणि चेहरा? कोरा. जिंकला तरी कोरा, हरला तरी कोरा.

आता ऐका. १५ एप्रिल २००७, रविवार, सामना डॅलसमध्ये. तिसरा क्वार्टर संपत आलाय. डंकन मैदानात नाही, बाकावर बसलाय. पंच आहेत जोई क्रॉफर्ड, जुने, अनुभवी आणि कडक. बाकावर बसल्या बसल्याच डंकनला एक टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाउल, मिळाला. ठीक आहे, होतं असं. मग काय झालं? डंकन हसला. हो, हसला! वर्षानुवर्षं ज्याच्या कोऱ्या चेहऱ्याची लोक थट्टा करत आले, तो हसला, आणि पंचांनी शिट्टी फुंकली. दुसरा टेक्निकल. दोन टेक्निकल म्हणजे सामन्यातून हकालपट्टी. खेळत नसलेला खेळाडू, हातात चेंडू नाही, कुणाला धक्का नाही, आणि हसण्यावरून बाहेर!

डंकन नंतर म्हणाला की पंचांनी त्याला मारामारी करायची आहे का, असं विचारलं. प्रकरण थेट लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांच्याकडे गेलं. स्टर्ननी क्रॉफर्डना प्लेऑफसकट (म्हणजे विजेतेपदासाठीच्या शेवटच्या फेऱ्यांसकट) उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. दरवर्षी अंतिम फेरीत दिसणारे पंच त्या वर्षी घरी. पण डंकनही सुटला नाही. पंचांना अपशब्द बोलल्याबद्दल त्याला पंचवीस हजार डॉलरचा दंड झाला. म्हणजे नुसतं हसणंच नव्हतं, तोंडही सुटलं होतं. हा भाग त्याचे चाहते सांगताना हमखास गाळतात. मी गाळत नाही.

जूनमध्ये अंतिम फेरी. समोर लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड. निकाल ४-०, स्पर्सच्या बाजूने. क्रॉफर्डही पुढच्या हंगामात शिट्टी घेऊन परतले.

निवृत्ती त्याच्या स्वभावासारखीच. जुलै २०१६ मध्ये संघाचं एक पत्रक निघालं, बस्स. त्याच वर्षी कोबी ब्रायंट या दुसऱ्या बड्या खेळाडूचा निरोप शहरोशहरी हंगामभर चालला होता. तो कोबीला शोभलाही, पण सत्काराला तासभर उशिरा येऊन दोन तास बोलणाऱ्यांनी त्या पत्रकाची एक प्रत खिशात ठेवावी, असं माझं मत आहे.

तीन वर्षांनी डंकन स्पर्समध्येच सहायक प्रशिक्षक म्हणून परतला. मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच तेव्हा म्हणाले, मी एकोणीस वर्षं टिम डंकनचा सहायक म्हणून इमानेइतबारे राबलो, आता त्याने परतफेड करावी हे योग्यच आहे. यावर डंकन हसला की नाही, ते पॉपोविचना ठाऊक. त्या वेळी तिथे पंच नव्हते, एवढं नक्की.