क्वेव्री : जॉर्जियाच्या जमिनीतले रांजण

कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी, जॉर्जियाच्या काखेती प्रांतात, सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी सुरू होते. तिला तिथे ‘रत्वेली’ म्हणतात. भरलेल्या टोपल्या ‘मारानी’त, म्हणजे वाइनच्या कोठीत, आणल्या जातात. तिथे जमिनीवर केवळ गोल तोंडे दिसतात, कारण ‘क्वेव्री’ नावाचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले असतात.

मोठी क्वेव्री घडवताना कुंभार मातीच्या जाड वळ्या एकीवर एक चढवतो आणि खालचा थर पुरेसा आवळल्याशिवाय पुढचा लावत नाही, त्यामुळे या कामात कित्येक आठवडे जातात. भाजलेली क्वेव्री गरम असतानाच आतून मधमाश्यांचे मेण चोळतात.

काखेतीत तुडवलेल्या द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसकट रांजणात ओततात. त्याला आंबवणारे यीस्ट द्राक्षांबरोबरच आलेले असते. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा दांड्याने खाली दाबावा लागतो. रसाची खदखद शमली, की झाकण ठेवून तोंड लिंपतात, ते थेट वसंतात उघडतात. या मुरण्यात रांजणाच्या आकाराचा वाटा फार मोठा आहे : बिया निमुळत्या तळाशी बसतात, त्यांच्यावर गाळ साचतो आणि बियांचा कडवटपणा वाइनपासून दूर राहतो. सालींच्या सहवासामुळे पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनलाही मधासारखा गडद पिवळा रंग चढतो.

जॉर्जियात द्राक्षांचे पाचशेहून अधिक देशी वाण आहेत. ‘र्कात्सितेली’ या वाणाचे नाव त्याच्या वेलीच्या लाल काडीवरून पडले; ‘सापेरावी’चा तर गरसुद्धा लाल असतो. सोव्हिएत काळात कारखान्यांनी मोजक्याच वाणांवर भर दिला आणि १९८५च्या मद्यविरोधी मोहिमेत कित्येक बागा उपटल्या गेल्या. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेस गदाच्रिली गोरा येथील खापरांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश सापडल्याचे २०१७ साली जाहीर झाले, आणि त्याआधी, २०१३ साली, युनेस्कोने या पद्धतीला सांस्कृतिक वारशाचा मान दिला होता. तरीही आम्हाला अधिक मोलाची वाटते ती घराघरांतल्या माणसांची चिकाटी, कारण त्या पडत्या काळात त्यांनीच घरच्यापुरती वाइन क्वेव्रीत मुरवत ही विद्या हातात जिवंत ठेवली.

आता या मारानीत वाइन काढून झाली आहे. लांब दांड्याला बांधलेल्या चेरीच्या सालीच्या ब्रशाने एक माणूस रिकाम्या क्वेव्रीच्या भिंती घासतो, गढूळ पाणी उपसतो, पुन्हा ओततो आणि नितळ पाणी येईपर्यंत घासतच राहतो.