कूलरच्या ताटीवरचं मीठ

(दृश्य: नागपूर, मे महिन्याची दुपार. खिडकीतला कूलर.)

पारा 45 च्या घरात गेला की कूलरची टाकी दिवसातून किती वेळा भरायची याला हिशेब राहत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पावसाळा लागल्यावर ताट्या काढा. वाळ्यावर पांढरा थर बसलेला असतो. नखानं खरवडला की भुगा पडतो.

(दृश्य: कच्छचं आखात, ओहोटी.)

कच्छच्या आखातात हेच घडतं. इथे एकही मोठी बारमाही नदी येत नाही. पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर गोडं पाणी जवळपास नाहीच, आणि वर हे ऊन. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ. आखाताच्या आतल्या टोकाला, लहान रणाजवळ, ते 40 च्या वर जातं.

एरवी नदीच्या मुखाशी गोडं, हलकं पाणी वरून समुद्राकडे जातं आणि खारं पाणी तळातून आत शिरतं. गोड्याची आवक आटली, बाष्पीभवन वाढलं, की हा फेरा उलटतो. आतलं जड, जास्त खारं पाणी खाली बसतं, तळातून बाहेर सरकतं. वरून समुद्र आत येतो. कच्छात मात्र उधाणाची भरती एवढी दांडगी, आत सहा मीटरच्या आसपास, की थर फारसे टिकतच नाहीत. सगळं घुसळून निघतं.

अशा पाण्यात काय जगणार, असं वाटतं ना? तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, जगतं. त्याच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावा: खारट! झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. ही पानं खायला खाराई उंट खाडी पोहून जातात. जामनगरच्या बाजूला पोवळी आहेत. त्यांना गोडं पाणी सोसत नाही. 1982 मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान इथेच झालं.

(दृश्य: नाग नदी, शहरातला पूल.)

हिला लोक नाला म्हणतात. मला ते ऐकवत नाही. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, मग गोदावरी. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी आंध्रातल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळतं. खाली गौतमीच्या, म्हणजे गोदावरीच्या एका फाट्याच्या, मुखाशी, कोरिंगाच्या खारफुटीत, तेव्हा राज्य भरती-ओहोटीचं. लोंढा नसल्यानं पाणी लवकर बदलत नाही. त्यात जे मिसळलं ते तिथंच आत-बाहेर येरझारा घालत राहतं. जुलै-ऑगस्टात इकडे वैनगंगा दुथडी भरते, तेव्हा कुठे ते मुख धुऊन निघतं.