दगडावरची नावं

(इतिहासाच्या शिक्षकांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथं बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी सहलीच्या एसटीत दाराशी उभं राहून मुलं मोजली आहेत. सत्तेचाळीस भरतात, अठ्ठेचाळिसावं सापडत नाही आणि पोटात गोळा येतो. मग ते मागच्या सीटवर झोपलेलं दिसतं. घाटात कुणाला मळमळतं, कुणाला पुढं बसवायचं, आवळासुपारीची डबी कुणाच्या पिशवीत आहे, संमतीपत्रं कुणाची राहिली, हे सगळं तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यावर मी वेळ घेणार नाही. मला बोलायचंय ते एसटीतून उतरल्यानंतरच्या दोन-तीन तासांबद्दल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका किल्ल्यावर आठवीच्या मुलांना घेऊन गेले होते. सकाळपासूनचं ते आमचं तिसरं ठिकाण. मी पुढं उभी राहून सनावळ्या सांगत होते, मागची मुलं कंटाळली होती. परतताना एक मुलगा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा दिसला. हातात कंपासपेटीतलं कर्कटक. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं उमटली होती आणि चुन्याची पांढरी भुकटी त्याच्या बुटावर पडली होती. मी सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलले. येताना गाडीत भेंड्या चालल्या होत्या, तो खिडकीला डोकं टेकून गप्प बसला होता.

ती दोन अक्षरं आजही तिथं आहेत. मी पुढं त्या किल्ल्यावर गेले तेव्हा मुद्दाम पाहिली. माझं रागावणं हवेत विरलं, पण ती अक्षरं काही पुसली गेली नाहीत.

कायदा आपल्याला माहीत असतो. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला १९५८ च्या कायद्यात शिक्षा आहेच. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतकी वाढली. मुलांना हे जरूर सांगावं. पण तेरा वर्षांच्या मुलाचा हात नुसत्या कायद्यानं थांबत नाही. त्याला तिथं नाव का लिहावंसं वाटलं, हे मी त्या दिवशी विचारलंच नाही. खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, की मी त्याला त्या जागी करायला दुसरं काहीच दिलं नव्हतं. 'आपण इथं आलो होतो' एवढंच त्याला सांगायचं होतं, आणि ती इच्छा फार जुनी आहे.

अजिंठ्याचंच बघा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत पोचला. दहा क्रमांकाच्या लेण्यात शिरून त्यानं खांबावरच्या रंगवलेल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरडली. ते नाव आज आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं. मुलांना विचारा, तो एवढा उंच होता का? त्यांना अंदाज बांधू द्या. उत्तर असं, की त्या वेळी लेण्यात शतकानुशतकांचा गाळ आणि दगडमाती साचली होती, त्या ढिगावर उभं राहून त्यानं ते लिहिलं. एका ओरखड्यातून लेणं किती काळ बंद पडलं होतं ते मुलांना कळतं. आणि त्या ओरखड्याखालचं चित्र कायमचं गेलं, हेही त्यांना तिथंच, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

रायगडावर मी मुलांना मेघडंबरीच्या आधी जगदीश्वराच्या देवळाकडं नेते. पायरीवर अक्षरं आहेत: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. ज्यानं राजधानी उभी केली, त्यानं आपलं नाव भाविकांचे पाय पडतील अशा जागी कोरलं. तिथंच दुसऱ्या शिलालेखात गडावरच्या विहिरी, तळी, वाड्यांचं वर्णन आहे. ६ जून १६७४ ही तारीख मुलांना पाठ असते. हा माणूस बहुतेकांना माहीत नसतो. मी फार बोलत नाही. मुलं वाकून, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, युनेस्कोनं आपले बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यांत रायगड आहे. आनंदच आहे. पण त्या पायरीशी गुडघे टेकून बसलेली पोरं पाहिली, की मला जास्त बरं वाटतं.

आता कार्ल्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथं मी सहल काढायला शिकले.

कार्ल्याच्या लेण्यातला चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, सुमारे ४५ मीटर लांब. तो कुणा एका राजानं बांधलेला नाही, तो अनेकांच्या दानातून झाला. दानं देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, खांबांवर आणि दर्शनी भागात कोरलेली आहेत. वैजयंती गावचा भूतपाल शेठ आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत), त्याच गावचा सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त आहे. जायच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात पाच-सहाच ब्राह्मी अक्षरं शिकवते. 'क' म्हणजे बेरजेच्या चिन्हासारखा, 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ. आपला 'ठ' अजून गोलच आहे, हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. मग लेण्यात ती अक्षरं शोधायची. हात लावायचा नाही, फक्त बोट दाखवायचं. एरवी पळापळ करणारी मुलं तासभर खांबांशी खिळून राहतात. कर्कटक आठवायला कुणाला सवडच नसते.

एका वर्षी दर्शनी भागातला एक लेख मी वाचून दाखवला. त्यात म्हटलंय, धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, दाराचं काम केलं. सातवीतली एक मुलगी पुढं आली. तिचे वडील सुतारकाम करतात. ती म्हणाली, "बाई, लेणं तर दगडाचं आहे. इथं सुताराचं काय काम?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी सगळ्यांना आत नेलं आणि वर बघायला सांगितलं. कार्ल्याच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, एकीमागे एक, बरगड्यांसारख्या, आणि त्या मूळच्या आहेत. दगडाच्या छताला त्यांची गरज नव्हती. पण ते लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती, म्हणून दगडातही त्यांनी लाकडाची रीत राखली. मुलगी मान मागं टाकून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आधी सुतार, मग पाथरवट." याहून नेमकं मी काय शिकवणार होते?

त्या दिवसापासून मी एका दिवसात एकच ठिकाण घेते. मुख्याध्यापकांशी वाद होतात, पालक विचारतात, एवढे पैसे भरून एकच? वॉटरपार्क का नाही? वॉटरपार्कला माझा विरोध नाही, त्याची सहल वेगळी काढा. पण लेणी, किल्ला, संग्रहालय आणि शेवटी घसरगुंड्या असं एका दिवसात कोंबलं, की मुलांना फक्त घसरगुंड्या आठवतात. दोष त्यांचा नाही. पंचेचाळीस मिनिटांत आपण त्यांना काहीच नीट बघू दिलेलं नसतं. शिवाय एकच जागा असली की मोजणी सोपी होते, कुणी हरवत नाही आणि सोबतच्या शिक्षकांना शिट्टी फुंकण्याऐवजी मुलांशी बोलायला वेळ मिळतो.

आणखी एक केलं. सहलीला एक जाड वही नेते. परतताना ती गाडीत फिरते. प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं, हवं तेवढं मोठं, आणि खाली आज काय नीट पाहिलं ते.

कार्ल्याहून येताना त्या मुलीकडं वही बराच वेळ अडली. मागची मुलं ओरडायला लागली. घरी येऊन मी पान उघडलं. तिनं सामीचा लेख मराठीत उतरवला होता: गाव, धंदा, नाव, बापाचं नाव. त्याखाली एक ओळ सोडून, त्याच क्रमानं, तिच्या वडिलांचं गाव, सुतार, वडिलांचं नाव आणि आजोबांचं नाव. स्वतःचं नाव लिहायचं ती विसरली होती.