वरून दिसणारं वावर

(दृश्य : यवतमाळ जिल्हा, खरीप. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तूर.)

चार-सहा तासं, म्हणजे ओळी, पऱ्हाटीच्या, मग एक तुरीची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभूळ. धुऱ्यावर उभ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उपग्रहाला मात्र शिकवावं लागतं, आणि ती शिकवणी आधी मक्याच्या मुलखात चालली.

(जुनी छायाचित्रं : इंडियाना, अमेरिका.)

१९६६ साली पर्ड्यू विद्यापीठात शेतीसाठी सुदूर संवेदनाची, म्हणजे दुरून, वरून टिपून ओळखण्याची, प्रयोगशाळा निघाली. नाव लार्स. पिकं टिपणारा उपग्रह तेव्हा नव्हताच. विमानातून वेगवेगळ्या तरंगलांबींत शेतं टिपायची. कुठे मका, कुठे सोयाबीन हे माणसांनी शेतात जाऊन लिहून आणायचं. त्या नोंदींवर संगणकाला तयार करायचं आणि उरलेली शेतं त्याला ओळखायला लावायची. आज मशीन लर्निंगचा एवढा गाजावाजा आहे. हे काम त्याच घराण्यातलं.

१९७० मध्ये तिकडच्या मक्यावर करपा पडला. पुढच्या हंगामात सात राज्यांवर दर पंधरवड्याला विमानं फिरली. बळावलेला रोग वरून दिसला, नुकता लागलेला नीट पकडता आला नाही. आपल्याकडे २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा हीच अडचण आणखी वाईट होती. अळी बोंडाच्या आत, बाहेरून झाड हिरवंगार. बोंड फोडल्याशिवाय काय कळणार?

१९७२ च्या जुलैत पहिला लँडसॅट हा अमेरिकेचा उपग्रह गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे त्याला दिसणारा सर्वात लहान तुकडा, सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराचा. तिकडच्या एकेका शेतात असे कितीतरी ठिपके बसत. इकडे एकाच ठिपक्यात दोन भावांची वावरं, मधला धुरा आणि बाभूळसुद्धा! १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए उपग्रह आला, त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ३६ मीटरवर उतरला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं.

(दृश्य : एकाच शिवाराची ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधली उपग्रहचित्रं.)

लाल दिसतंय ते हिरवं पीक. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, चित्रात त्याला लाल रंग देतात. ऑगस्टमध्ये ढगांतून जे सापडलं त्यात सोयाबीन आणि पऱ्हाटी सारखीच लाल. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, वावर काळं पडतं, पऱ्हाटी उभीच असते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. पऱ्हाटीतल्या तुरीचं तास मात्र १० मीटरच्या ठिपक्यातही वेगळं निघत नाही.